न केलेल्या पापाची क्षमा

ज्यानं आपल्याला आजचा दिवस दाखवला त्या प्रभूला नमन, आणि इथं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या त्याच्या लेकरांना माझा सलाम!

बसा, बसा. सरकून बसा जरा. मागं उभे आहेत त्यांना जागा करा. चर्चमध्ये पहिला बाक रिकामा आणि कीर्तनात पहिली रांग भरलेली — हे कसं काय, ते मला अजून उमगलेलं नाही!

तर मंडळी, ऐका. आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. भर चौकात कुणाच्या तोंडात मारली, आणि मग त्याच्या घरी जाऊन, दार लोटून, हळूच म्हटलं, "चुकलं बरं का माझं." फिटलं का? बोला ना!

त्या बाजूनं आवाज आला, "फिटलं." या बाईंनी मान हलवली, "नाही." बाईंना मार बसलेला दिसतोय! आणि 'फिटलं' म्हणणाऱ्याचा हात सुटलेला असावा! हसा, हसा. आता हसून घ्या. पुढं हसू येणार नाही.

भक्तिमान माणूस कुणाला म्हणायचं? रोज प्रार्थना करतो त्याला? दारू शिवत नाही त्याला? प्रभूनं आपल्याला काय सांगितलंय? अरे, तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास, आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा. समेट कर. मग ये. देव म्हणतो, मी थांबतो! साक्षात देव थांबायला तयार आहे, आणि आपल्याला जायला सवड नाही!

जखम चौकात । मलम अंधारी ।
ऐसा वैदू दारी । नको देवा ॥

म्हणा माझ्यामागं. नको देवा! हां.

धामणवाडी नावाचं गाव. माळरानावरचं. मधोमध दगडी चर्च, भोवती आपल्या लोकांची घरं. पाळकसाहेब तालुक्याला राहायचे, त्यांच्याकडं बरीच गावं, म्हणून ते महिन्यातून एकदा यायचे. बाकी सगळा कारभार कुणाकडं? मंडळीचे वडील, म्हणजे चर्चमधल्या लोकांचे पुढारी, थोमाजी उजागरे यांच्याकडं. सगळे त्यांना थोमाबाबा म्हणायचे.

काय माणूस होता! पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, आवाज असा की स्तोत्र म्हणायला लागले की कौलं हलायची. खोटं बोलणं ठाऊक नाही. कुणाचं फुकट घेणं ठाऊक नाही. गावात तंटा झाला, तर हिंदू-मुसलमानसुद्धा म्हणायचे, "थोमाबाबाला विचारा, तो सांगेल ते खरं." मी त्यांची टिंगल करायला उभा नाही, मंडळी. चांगला माणूस होता. म्हणून तर ही गोष्ट सांगायची!

त्याच गावात दीनाबाई खरात. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी. गोधड्या शिवून पोट भरायची. गावात मूल जन्मलं की दीनाबाईची दुपटी, म्हातारं आजारी पडलं की दीनाबाईची वाकळ. मुलीचं नाव ठेवलं होतं सुवार्ता. आणि तिला स्थळ आलं कोळगावचं. मुलगा शाळेत मास्तर, त्याचं नाव अनुग्रह! बघा, कशी नावं जुळली! सुवार्तेला अनुग्रह मिळाला! दोन्ही घरचं पसंत झालं, बोलणी झाली, साखरपुड्याची तारीख तेवढी ठरायची राहिली.

आता काय झालं — थोमाबाबा एका सकाळी सायकलवरून शेजारच्या गावाहून येत होते. वाटेत टेकडी. टेकडीवर मळाईचं ठाणं, धनगरांची देवी. सहज वर नजर गेली. पाहतात तर ठाण्याच्या पायरीपाशी दीनाबाई! आणि हातात ताट! ताटात नारळ, हळद-कुंकू!

थोमाबाबांच्या पायाखालची जमीन सरकली. "दीनाबाई? आपली दीनाबाई?" सायकल थांबवली. परत पाहिलं. तीच!

वर जायला किती वेळ लागला असता? हाक मारली असती तरी पुरलं असतं. "दीना, काय गं करतेस?" एवढंच! पण नाही. मनात म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलं, आता विचारायचं काय?" आणि पायडल मारलं.

मंडळी, डोळ्यांनी पाहिलेलं खरं असतं. पण पुरतं असतं का?

रविवार आला. उपासना संपली, आशीर्वाद झाला, लोक चपला शोधायला लागले. तेवढ्यात थोमाबाबा उभे राहिले.

"थांबा. मंडळीचं काम आहे. दीनाबाई, उभ्या राहा."

बिचारी उभी राहिली. तिला वाटलं, मुलीच्या लग्नाचं काही जाहीर करताहेत. पदर सारखा केला तिनं!

"परवा सकाळी तुम्ही मळाईच्या टेकडीवर होता?"

"होते, बाबा."

"हातात ताट होतं?"

"होतं, पण ते —"

"होतं की नव्हतं?"

"होतं. पण बाबा, ऐका तर —"

"पण नको! प्रभूच्या मेजावर बसायचं आणि टेकडीवर ताट घेऊन जायचं, हे इथं चालणार नाही. आजपासून दीनाबाईला प्रभुभोजन बंद!"

झालं! एवढं मोठं चर्च, पण एक माणूस बोलला नाही की, "बाबा, तिचं 'पण' तरी ऐका." एका 'पण'मध्ये काय मावणार होतं? आंधळ्याला विचारल्याशिवाय प्रभूनं त्याचे डोळेसुद्धा बरे केले नाहीत. "तुला काय हवं?" म्हणून विचारलं! आणि आपण? माणूस पुसून टाकताना आपण विचारत नाही.

दीनाबाई दुसऱ्या दिवशी थोमाबाबांच्या घरी गेली. दारात त्यांची बायको, मार्थाबाई. म्हणाली, "बस गं. ते आत प्रार्थनेत आहेत." दीनाबाई बसली. उन्हं ओसरीवरून अंगणात गेली. आतली प्रार्थना काही संपली नाही. ती उठून गेली. आणि मग आतून आवाज आला, "गेली का?"

अहो, देव त्या दिवशी कुठं बसला असेल, आतल्या प्रार्थनेत की बाहेरच्या ओसरीवर? तुमचं तुम्ही ठरवा.

पाळकसाहेब आले, थोमाबाबांनी सांगितलं, "मिटलंय ते." पाळकसाहेबांनी मान डोलावली. प्रभुभोजनाच्या दिवशी, प्रभूच्या आठवणीची भाकर वाटतात त्या दिवशी, दीनाबाई यायची, मागच्या बाकावर बसायची. थोमाबाबा भाकरीचं ताट घेऊन फिरायचे. तिच्यासमोर आलं की ताट पुढं जायचं. शेजारणीला मिळायचं, सुवार्तेला मिळायचं, तिला नाही. ती मान खाली घालून बसायची. घरी मात्र निघून गेली नाही कधी. कोळगावकडून निरोप आला, "एवढं मंडळीतलं निस्तरू द्या, मग साखरपुड्याचं बघू."

पावसाळा गेला. धनगर मेंढरं घेऊन परत आले. आणि एका दुपारी थोमाबाबांच्या अंगणात एक म्हातारी येऊन उभी राहिली. गिरजा धनगरीण. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. लेकानं हाताला धरून आणलेलं.

"थोमा हाय का घरात?"

"आहे, गिरजाआजी. या, बसा."

"बसाया न्हाई आले. इचाराया आले. दीनाचं देऊळ बंद केलंस म्हनं तू? माज्यापायी?"

"तुमच्यापायी? आजी, ती मळाईला ताट घेऊन गेली होती. मी स्वतः पाहिलं."

म्हातारी हसली. पण कसं हसली!

"ताट माजं व्हतं, बाबा! पोरं मेंढरामागं परमुलखात. म्या तापानं फणफणलेली. वाटलं, आता काय म्या ऱ्हात न्हाई, एकदा आईच्या पायरीला हात लावू दे. गावातल्या समद्यांला इचारलं. कुनाला सवड नव्हती. दीना म्हनली, 'चल, म्या नेते.' माज्या एका हातात काठी, दुसऱ्या हातानं तिचा खांदा धरलेला. ताट कुनी धरायचं, सांग की!"

म्हातारी पुढं बोलतच राहिली.

"पायरीपाशी म्हनली, 'गिरजाआजी, तुजी आई हाय, तू पाया पड. म्या तुला आधाराला उभी हाय.' म्या पायरीवर वाकलेली, खालनं तुला कशी दिसनार? अन् उतरताना वाटंनं माज्यासाठी तुमच्या देवाला मागत व्हती. म्या ऐकलं. आंधळी हाय, बहिरी न्हाई."

आता बोला, मंडळी! तुमच्यातला एखादा म्हणेल, "बुवा, तरी तिनं जायलाच नको होतं." बरं. मग आंधळी, तापलेली म्हातारी एकटी चढू द्यायची होती? प्रभूनं सांगितलेल्या गोष्टीत, रस्त्यात घायाळ पडलेल्या माणसाला वळसा घालून गेले ते कोण होते? ते फार धार्मिक होते! त्यांच्या कपड्यांना डाग नव्हता!

थोमाबाबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. अंगणात ऊन रणरणत होतं. म्हातारी गेली तरी ते तसेच बसून होते. मार्थाबाई म्हणाली, "जेवता ना?" ते म्हणाले, "आधी जाऊन येतो."

गेले! सरळ दीनाबाईच्या घरी. इथवर माणूस किती चांगला, बघा! ती दारात गोधडी पसरून टाके घालत बसली होती.

"दीना, चुकलो गं. गिरजा येऊन सांगून गेली. मला माफ कर."

तिनं सुई गोधडीत खोचली. आत जाऊन पाणी आणलं.

"मी तर कधीच सोडून दिलं, बाबा. मनात धरून जगता येतं का?"

थोमाबाबांना केवढं हलकं वाटलं! पाणी प्यायले, उठले, निघाले.

"बाबा, एक मागू?"

"माग, पोरी."

"तुम्ही बोलला होता ते मंडळीसमोर. आता हेही मंडळीसमोर बोला. माझ्यासाठी नको, सुवार्तेसाठी. कोळगावची माणसं चांगली आहेत, थांबलीत अजून. तुमचा एक शब्द पुरेल."

"बोलतो. येत्या रविवारी बोलतो. शब्द देतो तुला."

आणि मंडळी, शब्द अगदी मनापासून दिला होता. मनापासून दिलेले शब्दच तर मोडतात. खोटे शब्द कशाला मोडतील? ते मुळात जोडलेलेच नसतात.

रविवार आला. पण तो निघाला कापणीच्या सणाचा! कणसांची तोरणं, भोपळ्यांचे ढीग, बाहेरगावचे पाहुणे. पाळकसाहेबांनी सगळ्यांदेखत थोमाबाबांना हार घातला. म्हणाले, "अशा भक्तिमान वडिलांमुळं ही मंडळी उभी आहे." टाळ्या! आता हार गळ्यात असताना कसं बोलायचं? थोमाबाबा म्हणाले, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी घसा बसला. त्याच्या पुढच्या रविवारी मनात विचार आला — आणि हा विचार जपून ऐका, कारण तो प्रार्थनेचे कपडे घालून येतो — मनात आलं, "मी माझ्यासाठी थोडाच थांबतोय? वडीलच चुकले म्हटल्यावर तरुण पोरं कुणाचं ऐकतील? मंडळीत फूट पडेल. देवाच्या कामाला धक्का बसेल."

पाहिलंत? आपली लाज वाचवायची, आणि नाव देवाच्या कामाचं!

दीनाबाई दर रविवारी यायची. त्यांच्याकडं बघायची. ते पुस्तकात बघायचे.

शेवटी त्यांनी एक तोड काढली. म्हणाले, बंदीच उठवतो ना! काम झालं. सगळं खुलासेवार कशाला सांगायचं? आणि प्रभुभोजनाच्या रविवारी उभे राहिले. तोंड उघडलं. पहिलं वाक्य बरोबर होतं, "दीनाबाईंविषयी मला बोलायचं आहे." दीनाबाईनं मान वर केली. सुवार्तेनं आईचा हात धरला. आणि दुसरं वाक्य निघालं —

"मंडळीनं उदार मनानं दीनाबाईंना क्षमा केलेली आहे. त्यांना आजपासून प्रभुभोजन मोकळं आहे."

क्षमा! कुणी कुणाला केली? कशाची? अहो, क्षमा मागायला उभा राहिलेला माणूस क्षमा वाटून खाली बसला!

लोक खूश. "काय मन आहे बाबांचं!" भाकरीचं ताट निघालं. इतक्या महिन्यांनी दीनाबाईसमोर येऊन थांबलं. थोमाबाबांनी स्वतः पुढं धरलं. तिनं हात पुढं केला नाही. हळू आवाजात बोलली, शेजारच्या दोघींनी तेवढं ऐकलं.

"बाबा, न केलेल्या पापाची क्षमा घेऊन ही भाकर मी कशी खाऊ?"

उठली. मुलीला घेऊन बाहेर गेली. आणि थोमाबाबा ताट धरून तसेच उभे!

ओठी तुझे नाम । मुठीत या धोंडा ।
कैसे दावू तोंडा । तुज देवा ॥

कोळगावला बातमी पोचायला वेळ लागतो का? पाहुणे म्हणाले, "क्षमा केली म्हणजे पाप होतंच की! आम्ही तर समजत होतो, काही गैरसमज असेल." आणि त्यांनी नारळ दुसरीकडं दिला. अनुग्रह मास्तरचं लग्न पुढच्याच महिन्यात लागलं. दुसऱ्या मुलीशी.

दीनाबाई कुणाला वेडंवाकडं बोलली नाही. घर आवरलं, सुयादोरे बांधले आणि लेकीला घेऊन जालन्याला भावाकडं निघून गेली. निघताना कुलपाची किल्ली गिरजाच्या हातात देऊन गेली. आपल्यातल्या कुणाकडं नाही!

घरी मार्थाबाई भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. चाळीस वर्षं नवऱ्यापुढं शब्द काढला नव्हता तिनं. म्हणाली, "एक विचारू? तुम्ही दीनाला माफ केलंत. तिनं तुमचं काय केलं होतं?"

थोमाबाबा ताटावरून उठले. त्या दिवसापासून त्यांना प्रार्थना म्हणता येईना. डोळे मिटले की समोर एकच. भाकरीचं ताट आणि रिकामा बाक.

आणि मग एका रविवारी ते उभे राहिले. फेटा काढून. सगळं सांगितलं. टेकडी सांगितली, गिरजा सांगितली, दिलेला शब्द सांगितला, हार सांगितला. "क्षमा मी मागायची होती, आणि मी ती दान केली," म्हणाले. "मला वडील म्हणू नका आता." बायका रडल्या, पुरुष रडले. मंडळीत फूट पडली का? कुठली फूट! उलट दोन भावांनी तिथंच एकमेकांना मिठी मारली, बांधावरून बोलत नव्हते ते.

वा! झालं की गोड! तुम्हाला वाटलं, आता बुवा आशीर्वाद देणार आणि आपण घरी जाणार. नाही, मंडळी. ज्या दोन कानांसाठी ते शब्द होते, ते दोन कान तिथं नव्हते.

थोमाबाबा एसटीनं जालन्याला गेले. शोधत शोधत घर सापडलं. दीनाबाई ओळखू येईना, वाळली होती. "या बाबा," म्हणाली. पाणी दिलं. तेच पाणी, तोच हात!

"बोललो, दीना. सगळ्यांसमोर बोललो."

"ऐकलं. मार्थाबाईनं निरोप धाडला होता. देव तुमचं भलं करो."

"इथं देवळात जातेस ना?"

चहा घेऊन आलेली सुवार्ता बोलली, "जाते. पण भाकरीचं ताट आलं की मान खाली घालते. पाळकांनी विचारलं, मामांनी विचारलं. म्हणते, हातच उचलत नाही."

मंडळी, दोष खोटा होता. पण जखम? जखम खोटी नव्हती हो!

थोमाबाबा त्या रविवारपर्यंत तिथंच थांबले. तिथल्या पाळकांना भेटले आणि परक्या गावात, परक्या मंडळीसमोर, कुणी विचारलेलं नसताना उभे राहिले. म्हणाले, "मी धामणवाडीचा थोमा उजागरे. तुमच्यात बसलेल्या या बाईवर मी खोटा डाग लावला. तो लावताना मंडळी साक्षीला होती, पुसताना तुम्ही साक्षीला राहा."

भाकरीचं ताट आलं. दीनाबाईनं पाहिलं. हात उचलला, परत खाली गेला. परत उचलला. आणि घेतला तुकडा. तोंडात घातला, आणि पदर तोंडाला लावून अशी रडली, अशी रडली की ताट धरणाऱ्याला पुढं जाववेना.

दुपारी सुवार्ता त्यांना स्टँडवर सोडायला आली. गाडी लागली. थोमाबाबा पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली,

"बाबा, आईनं तुम्हाला माफ केलं. पण मला अजून जमत नाही. मी रोज प्रयत्न करते. खोटं कशाला सांगू?"

थोमाबाबांचे डोळे भरले. एवढा मोठा आवाज होता त्यांचा, कौलं हलवणारा. पण ऐकायला तिला वाकावं लागलं.

"घाई करू नकोस, पोरी. खरं बोलायला मी किती वेळ लावला! तू हवा तेवढा घे."

गाडी सुटली. पुढं ते थोडीच वर्षं जगले. परत वडील झाले नाहीत, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचे. दर नाताळला त्यांचं सुवार्तेला कार्ड जायचं. तिचं उत्तर आलं की नाही, मला ठाऊक नाही. मी मुद्दाम कुणाला विचारलं नाही. आलं असं खोटं सांगून तुम्हाला खूश करू? कीर्तनकार करतात कधी कधी. आज नको.

थोमाबाबा वाईट माणूस होता का? नव्हता. चुकला, कळलं, रडला, गेला. फक्त उशिरा. देवानं त्याला क्षमा केली, यात मला तिळभर शंका नाही. देवाची क्षमा तत्क्षणी मिळते. पण कोळगावचं लग्न परत लागलं नाही, मंडळी. देव पाप धुतो. हातून गेलेला महिना परत आणून देत नाही.

भक्तिमान माणूस चुकतोच. तो चुकला की त्याच उंबऱ्यावर परत जातो, तेवढ्याच लोकांसमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात. आणि त्याच आठवड्यात!

उद्या आपल्याकडं प्रभुभोजन आहे. माझ्यासमोर पुरुष बसलेत, तिकडं बायका. यात अशी माणसं आहेत, ज्यांनी चावडीवर कुणाचं नाव खराब केलं. पंगतीत सुनेला घालून पाडून बोलले. लग्नाच्या मांडवात भावाचा पाणउतारा केला. आणि नंतर कोपऱ्यात म्हणाले, "जाऊ दे रे, विसर." माझ्याकडं बघू नका! मला तुमची नावं माहीत नाहीत. तुम्हाला माहीत आहेत.

ज्याला तुम्ही दुखावलं तो माणूस इथं बसला असेल, तर अजून उजेड आहे, लोक आहेत, साक्षीदार आहेत. शेवटची प्रार्थना मी आता सांगणार नाही. मी खाली बसतो. ज्याला उठायचं आहे, त्यानं उठावं. त्याच्याजवळ जावं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलावं.

आम्ही थांबतो. देवही थांबलाय.